तुम्ही मिशी काढलीत त्या दिवशी

अण्णा,

गेल्या आठवड्यात डहाणूहून तिघंजण आले होते. नाट्यमंडळाची स्मरणिका निघते आहे, तुमच्यावर दोन पानं हवी होती. मी लिहून दिली. चित्रकलेचे शिक्षक, पडदे रंगवणारे, नट, मग मुंबईची रंगभूमी, सिनेमातली छोटी कामं, सगळं क्रमाने दिलं. त्यात खोटं काही नाही. ज्या भूमिकेने तुम्हाला मुंबईला नेलं तिच्याबद्दल मात्र मी एकच वाक्य लिहिलं, की या भूमिकेत त्यांनी कमाल केली. तेही खरंच आहे. ती भूमिका माझी होती, एवढं तिथे लिहिलेलं नाही. ते इथे लिहिते.

तुम्हाला मिशी नव्हती तो काळ मी पाहिलेला नाही. आईनेही नाही. पोरवयात तुम्ही एका फिरत्या नाटक कंपनीत पळून गेला होतात आणि तिथे बायकांची कामं करत होतात, हे मला आजोबांकडून कळलं. कंपनीचा मुक्काम शोधत ते गेले, तंबूत शिरले, समोर नऊवारी नेसलेली मुलगी केस विंचरत बसली होती तिला त्यांनी विचारलं, "बाई, माझा मुलगा इथे आहे का?" आणि ती मुलगी उठून पाया पडली. आजोबा ही गोष्ट सांगताना कधी हसत नसत. त्यांनी तुम्हाला घरी आणलं, चित्रकलेच्या परीक्षा द्यायला लावल्या, आणि देवासमोर वदवून घेतलं की मी आहे तोवर मिशी उतरवायची नाही. तसं ते वदवायची गरज नव्हती. बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढायची नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आजोबांना साध्या रिवाजावर भरवसा नव्हता. त्यांना तुमच्याकडून शब्द हवा होता.

मग तुम्ही डहाणूच्या शाळेत लागलात आणि मंडळाच्या नाटकांत पुरुषांची कामं करायला लागलात. राजा, बाप, वकील. नीट करायचात. पण मी लहानपणापासून विंगेत बसत आले, मला दिसायचं. तारखात्यातला एक गोरापान कारकून बायकांची कामं करायचा. तो रंगमंचावर असला की तुम्ही विंगेतून त्याच्या हातांकडे बघत राहायचात. तोंड आमच्याकडे, बोलणं आमच्याशी, आणि नजर त्या हातांवर. एकदा तुम्ही पुटपुटलात, "बांगड्या सावरताना बाई हाताकडे बघते होय?" मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मी घरी येऊन आईला बघितलं. ती खरंच बघत नव्हती.

पडदे रंगवायला मी तुमच्या हाताखाली होते हे तुम्ही नाकारणार नाही. सुट्टीत शाळेच्या लांब व्हरांड्यात मांजरपाट अंथरलेला, कडेला विटांच्या चुलीवर रंगात घालायचा सरस उकळतो आहे, त्याचा वास सगळ्या गल्लीला. आई नाकाला पदर लावून डबा आणून ठेवायची आणि लगेच परत जायची. तुम्ही खाकी चड्डीत, गुडघ्यांवर, मोठा कुंचला घेऊन. मी रंग कालवते आहे. ओला रंग खोटं बोलतो, असं तुम्ही शिकवलंत. वाळला की फिका पडतो, म्हणून डोळ्याला नको वाटेल इतका गडद लावायचा. आणि दिवसा पसंत पडलेला रंग गॅसबत्तीखाली पुन्हा बघायचा, कारण आपल्या प्रेक्षकाला सूर्य दाखवायचा नाही. एकदा मी घाईत ओल्या पडद्यावर चढले, तर तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "आकाशावर पाय दिलास. आता तिथे ढग काढ, तूच." मी ढग काढला. तो पडदा पुढे तलासरीपासून कास्यापर्यंत कुठल्या कुठल्या गावच्या नाटकांना भाड्याने जायचा, आणि माझा ढग त्याच्यावर होता. मला त्याचा फार अभिमान होता. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आपल्या घरी असलं काही सांगत नसत.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी मंडळाने मुंबईहून नवं सामाजिक नाटक आणलं. एका तरुण विधवा सुनेचं. तीन अंकभर ती सासरच्या स्वयंपाकघरात आहे, बाकीची माणसं येतात, बोलतात, जातात, आणि शेवटी ती एकटी उंबरा ओलांडून निघून जाते. मंडळाच्या बैठकीतून तुम्ही घरी आलात तेव्हा चपला काढायच्या आधी म्हणालात, "यंदा बायकांची कामं बायकांनी करायची. ठाण्याच्या स्पर्धेला मिशीवाल्या सुना न्यायच्या नाहीत. सुनेचं काम हिचं."

आई पोळ्या लाटत होती. "हिचं म्हणजे?"

"हिचं म्हणजे हिचं. घरात दुसरी कोण आहे?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक टाळ्या वाजवतील. आणि न वाजवल्या तर बसून राहतील."

आई मला बघत राहिली. मी ओठ दाबून धरले, कारण तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं.

दोन महिने तुम्ही मला शिकवलंत. हॉलमधल्या तालमींना तुम्ही मला नेलं नाहीत. आधी घरी पक्कं कर, मग एकदम नेतो, म्हणालात. तोवर तिथे माझ्या जागी तुम्ही उभे राहून वाक्यं म्हणायचात, म्हणजे बाकीच्यांची अडचण होऊ नये. मला ते शहाणपणाचं वाटलं. संध्याकाळी शाळा सुटली की आपल्या स्वयंपाकघरात तालीम. तुम्ही फडताळाला पाठ लावून पाटावर बसायचात, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. मी चालते, बसते, चूल फुंकते, सासऱ्याला पाणी देते, आणि तुम्ही रेघा मारत असता. मध्येच म्हणता, "थांब. हात तसाच ठेव." मी ठेवते. "आता पुन्हा." मी पुन्हा करते. सरस-रंगाने बोटं बरबटलेली असायची म्हणून कपाळावरचे केस मनगटाच्या मागच्या बाजूने सारायची मला सवय लागली होती. ती मी भूमिकेतही करायची. तुम्ही एकदा उठून जवळ आलात आणि म्हणालात, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "कुणी नाही." तुम्ही परत जाऊन बसलात आणि कागदावर तेच पुन्हा पुन्हा काढत राहिलात. मला वाटलं, पसंत पडलं. त्या नाटकाचा पडदाही आपण दोघांनीच रंगवला. स्वयंपाकघर हवं होतं, तुम्ही आपलंच काढलंत. तीच मोरी, तेच फडताळ, तोच काळा पडलेला कोपरा.

दिवाळी झाली. तलासरीला पहिला प्रयोग ठरला होता, मग डहाणूला, मग ठाण्याला. मी कोसबाडला मैत्रिणीकडे दोन दिवस गेले होते. परत आले तर आपल्या ओट्यावर चपला. आत बायका बसलेल्या. शेजारच्या गुजराती काकींनी मला दारातच कवटाळलं. "दीकरी, तुझा दादा गेला रे. मोठा माणूस होता."

"आजोबा? कधी?"

"हे काय, तुझ्या बापाला बघून आम्हाला कळलं. सांगत पण नाही कोणाला. दुःखाने वाचा गेली त्याची."

मागच्या दाराने मी स्वयंपाकघरात गेले. तुम्ही पाटावर बसला होतात. ओठाच्या वरची कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा पांढरी, उघडी. वीस वर्षं ऊन न लागलेली. आई चुलीजवळ, पाठमोरी. मी आजोबांबद्दल विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "ते ठीक आहेत. बस." आणि बाहेर बायका बसलेल्या असताना, हळू आवाजात, मला सांगितलंत की कमिटी नाही म्हणते. डॉक्टरांनी नकार दिला. शाळामास्तराची मुलगी, उद्या तिचं लग्न व्हायचं आहे, तोंडाला रंग लावून गावोगाव कशी उभी करायची, असं म्हणाले. मंडळाचे अध्यक्ष तेच, शाळेच्या संस्थेतही तेच.

"मी जाऊन विचारते त्यांना," मी म्हटलं.

"तू जायचं नाहीस. माझी नोकरी आहे तिथे."

"मग काम कोण करणार? तारखात्यातले?"

"त्यांची बदली झाली. आणि एवढ्या दिवसांत पाठ कोण करतंय? मला पाठ आहे."

"मलाही आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या चेहऱ्यावर मिशी नव्हती, त्यामुळे तो मला नीट वाचता येईना. मग म्हणालात, "म्हणूनच. तू प्रॉम्प्टिंगला बस. तुझ्याइतकं नाटक कुणाला येत नाही."

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. कास्याच्या बाजारात त्यांना कुणीतरी, तुम्ही वारलात ना, म्हणून विचारलं होतं. काखेत पिशवी, पिशवीत वालाच्या शेंगा, असे ते एसटीतून उतरून चालत आले. गुजराती काकींनी त्यांना ओट्यावर बघितलं आणि "जय श्रीकृष्ण" म्हणून आत पळाल्या. आजोबांनी तुम्हाला समोर बसवलं. बराच वेळ तोंड निरखलं. आम्हाला वाटलं मारतील. ते एवढंच म्हणाले, "थोडा थांबला असतास तर हक्कानं काढली असतीस." पाणीही न घेता ते परत निघाले. शेंगा मात्र ठेवून गेले. आईने त्या त्याच दिवशी शिजवल्या आणि आपण तिघांनी खाल्ल्या.

मला त्या वेळी तुमची कीव आली, अण्णा. हे आज लिहिताना हात थांबतो. मला वाटलं, माझ्यापायी या माणसाने बापाला दिलेला शब्द मोडला. मंडळाची अब्रू राखायला चारचौघांत हसू करून घेतलं. आणि डॉक्टरांचा मला इतका राग आला की पुढे दहा वर्षं मी त्यांच्या दवाखान्याची पायरी चढले नाही. एकदा ताप भरला तर एसटीने कास्याला जाऊन औषध आणलं. ते रस्त्यात भेटले तर मी मान वळवायची. ते बिचारे थांबायचे, काहीतरी बोलू बघायचे, आणि मग छत्री हलवत पुढे जायचे.

तलासरीच्या बाजारपटांगणात फळ्यांचा रंगमंच बांधला होता. मागे आपलं स्वयंपाकघर टांगलेलं. मी विंगेत स्टुलावर, हातात नाटकाची प्रत, जिची मला गरज नव्हती. तुम्ही माझ्याजवळ आरसा लावून बसला होतात. चेहऱ्याला सफेदा आणि पिवडी, डोळ्यांत काजळ, आणि पांढऱ्या साडीचा पदर. तो पदर तुम्ही मला सारखा करायला सांगितलात. मी केला. मग तुम्ही उठलात, दोन पावलं टाकलीत, आणि ती मी होते.

हे कसं सांगू. तुमच्या वयाला, तुमच्या खांद्यांना ती वीस वर्षांची पोर शोभायला नको होती. पण गॅसबत्तीच्या उजेडात ती आली आणि मोरीपाशी बसली, माझ्यासारखी, एक गुडघा उचलून. सासऱ्याला पाणी देताना माझ्यासारखं भांडं आधी स्वतःच्या अंगाकडे घेतलं. आणि पहिल्या अंकाच्या शेवटी मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळावरचे केस सारले. प्रेक्षकांत बायका होत्या, पाड्यांवरून आलेल्या, पोरं मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेल्या. त्या एकदम गप्प झाल्या. मी विंगेतून तुम्हाला तिरकं, मागून बघत होते आणि मला स्वतःचीच पाठ दिसत होती.

दुसऱ्या अंकात तुम्ही थांबलात. लोकांना वाटलं, केवढा अभिनय. मला माहीत होतं, वाक्य गेलं आहे. तुम्ही मान किंचित विंगेकडे वळवलीत. मी वाक्य दिलं, हळू, पण तालमीत म्हणायची त्याच सुरात, कारण मला दुसरा सूर येत नव्हता. तुम्ही ते उचललंत आणि त्याच सुरात म्हटलंत. टाळ्या पडल्या.

नाटक संपल्यावर एक बाई रंगमंचाच्या मागे आली. कडेवर पोर झोपलेलं. मला विचारलं, "ती बाय कुठची? तुमच्याच घरातली का?"

"ते माझे वडील आहेत."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "काय पण बोलता. मी बघितली ना. रडत व्हती ती."

"नाही हो, खरंच वडील आहेत."

"असू दे," ती म्हणाली, माझी समजूत घालावी तसं. "तिला सांगा, बरं केलं निघून गेली ते."

सासऱ्याचं काम करणारे आमचे गणिताचे सरही जवळ आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं." मला वाटलं, कमिटीच्या नकाराबद्दल बोलताहेत. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं काय होतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

ठाण्याला तुम्हाला बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी कुणी तरी जुन्या परंपरेतला शेवटचा तारा वगैरे म्हणालं आणि मुंबईच्या एका नाटक कंपनीने तुम्हाला बोलावलं. परत आल्यावर ती पांढरी साडी तुम्ही मला दिलीत. "तुझीच आहे," म्हणालात. गळ्याशी सफेद्याचे डाग होते, धुऊन गेले नाहीत. मी ती ट्रंकेत तळाशी घातली. आईने पुढे तिची गोधडी केली, न विचारता, आणि बरं केलं.

तुम्ही नोकरी सोडलीत. गिरगावात एका खोलीत राहायला लागलात, आई डहाणूलाच राहिली. मीही त्याच सुमाराला मुंबईला कॉलेजात गेले, वसतिगृहात. सुट्टीवरून येताना तुमच्यासाठी चिकू आणायची, आणि रविवारी आपण चहा घेत बसायचो. तुम्ही नेपथ्यं करत होतात, कामं करत होतात. मुंबईला बायकांच्या भूमिका करायला बायका होत्या, अण्णा, एव्हाना भरपूर होत्या. तुम्हाला काका, मामा, मुनीम, कोर्टातला बेलिफ मिळाला. मिशी तुम्ही पुन्हा ठेवलीत. आजोबा मग खरोखर गेले तेव्हा तुम्ही दौऱ्यावर होतात, तिसऱ्या दिवशी पोचलात, आणि ती काढलीत. त्या वेळी मात्र कुणी काही विचारलं नाही.

एका रविवारी मी तुम्हाला विचारलं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगला मला नाटकात घेत होते आणि मी प्रॉम्प्टिंगला बसेन म्हणून सांगितलं होतं, त्यावरून विषय निघाला. "मला त्या वेळी करू दिलं असतं तर?" मी म्हटलं. तुम्ही बशीत चहा ओतलात. फुंकर घातलीत. "तो प्रश्नच आला नाही ना. डॉक्टर नाही म्हणाले." माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणालात. इतक्या सहज म्हणालात की मला मीच खोडसाळ वाटले, जुनं उकरून काढणारी. मी तुमची बशी उचलून धुवायला घेतली.

पुढे मी नोकरीला लागले. वर्ग, परीक्षा, वेळापत्रकं. माझ्या शाळेत मुलींची नाटकं बसत, चांगली बसत, मी त्यांच्या तालमींना जात नसे. वेळ नाही म्हणायची, आणि वेळ नसायचाच.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं तेव्हा तुम्ही गेलात. दुपारी प्रयोगाआधी पडून होतात, उठला नाहीत. डहाणूच्या शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. तुमच्या फोटोला हार. आई पहिल्या रांगेत, मला वर खुर्ची दिली. एकेक जण बोलले. मग डॉक्टर उठले. पार म्हातारे झाले होते, टेबलाला धरून उभे राहिले. म्हणाले, माणूस किती मोठा होता याची एक गोष्ट सांगतो. आम्ही ठरवलं होतं की यंदा मुलींना उभं करायचं. मीच म्हटलं होतं, मास्तरांची मुलगी उभी राहिली तर गावाचं नाव होईल. सगळं ठरलं. आणि प्रयोग तोंडावर आला असताना मास्तर माझ्याकडे आले, म्हणाले, पोरगी घाबरली, रात्रंदिवस रडते, तिच्यावर जबरदस्ती करवत नाही. आता मीच उभा राहतो. "बापाला दिलेला शब्द मोडला त्या माणसाने, पोरीची लाज झाकायला. आम्हा कमिटीतल्यांपलीकडे कधी कुणाला सांगितलं नाही. मीही इतके दिवस बोललो नाही." आणि डॉक्टर माझ्याकडे वळले. प्रेमाने वळले. दहा वर्षं मी मान का वळवत होते, याचा त्यांनी लावलेला अर्थ त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. "काय गं, पोरी? आता सांगायला हरकत नाही. खरं ना?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. गणिताचे सर मान हलवत होते. तुमचा फोटो माझ्या उजव्या हाताला होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. तुम्ही त्यांना सांगितलंत की मी नको म्हटलं. मला सांगितलंत की त्यांनी नको म्हटलं. मध्ये एक भूमिका मोकळी झाली, आणि ती तुम्ही घेतलीत. माझ्या हातांसकट. हे मला तिथे, त्या खुर्चीत, एका दमात कळलं.

मी नाही म्हणू शकले असते. एक शब्द, आणि तुमचा हार सुकला असता. मी मान खाली घातली. जरा हसले, जुनी लाज आठवल्यावर माणूस हसतं तसं. म्हटलं, "हो. फार घाबरले होते मी." आणि मग, कुणी विचारलं नसताना, पुढे म्हटलं, "अण्णांना म्हटलं, मला नेऊ नका. ते एका शब्दानेही रागावले नाहीत." माझा आवाज 'नेऊ नका'वर किंचित फुटला. मी तो फोडला होता. मागच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी येताना आई आणि मी खाडीच्या बाजूने चालत आलो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्या, आणि वास. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं." ती थोडं चालली. "त्यांनी मिशी न्हाव्याकडे नाही काढली. घरी काढली, माझा आरसा मागून घेतला. मी आरसा धरून उभी होते. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जो आनंद होता ना, तो मी आमच्या लग्नात बघितला नव्हता. मग मी काय विचारणार?"

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं होतं? की तुझा बाप सुखात आहे?" मग ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पण तू मघाशी बोललीस ते. मी तर घरातच होते, तू एक दिवस रडली नाहीस. तरी मला क्षणभर वाटलं, रडली असेल बाई, मलाच कळलं नसेल."

तुम्ही असं का केलंत याची मी पुष्कळ उत्तरं काढली. कधी वाटतं, मी वाईट करत होते आणि तुम्हाला सांगवलं नाही. मग वाटतं, वाईटाची कुणी इतकी हुबेहूब नक्कल करत नाही. कधी वाटतं, पहिल्या दिवसापासून तुम्ही मला शिकवत नव्हतातच, पाटावर बसून माझं चित्र काढत होतात, नंतर अंगावर घालायला. आणि कधी वाटतं, तुम्हाला स्वतःलाही माहीत नव्हतं, आरसा हातात येईपर्यंत. कुठलंच उत्तर मला पुरत नाही. माफ केलं असं मी लिहिणार नाही. तसं वाटत नाही, आणि या वयात वाटेल असंही दिसत नाही. हे पाठवायला पत्ता नाही, आणि तुम्ही अजून गिरगावात असतात तरी मी टपालात टाकलं नसतं. समोर बसून, बशीत चहा ओतून, तुम्ही माझ्या डोळ्यांकडे बघून आणखी काहीतरी सांगितलं असतंत.

एक गोष्ट मात्र राहिली, ती लिहिते आणि उठते. शोकसभेहून घरी पोचल्यावर आई पाय धुवायला मागे गेली, आणि मी थेट त्या घरातल्या तुमच्या जुन्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत अंधार होता. कडीला हात लागल्यावर मला भान आलं. तुमच्याशी भांडायला मी आले नव्हते. मी विचारायला आले होते, माझं काम कसं झालं.